देवरावमामाचा शेवटचा पेशंट

वैशाली नगर, भिलाई
२१ नोव्हेंबर २०२३

प्रिय धरम,

हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली. तू मधे काही विचारतोस, मी त्याचं उत्तर देते, मग मुलांच्या शाळेचा विषय निघतो आणि सांगायचं ते राहून जातं. कागद मधे बोलत नाही, म्हणून लिहायला बसले. तू अजून मराठी वाचतोस हे धरून चालले आहे. नाही जमलं तर हळूहळू वाच, घाई नाही. निवडणुकीची ड्यूटी एकदाची संपली, आज शाळेतून रजा घेतलीय. धनंजय सेकंड शिफ्टला गेलाय, प्रेरणा कोचिंगला, सासूबाई शेजारी. दुपारचे दोन वाजलेत आणि घरात मी एकटी आहे.

आधी रिसालीच्या घराचं. दिवाळीत मी जाऊन मामाची दोन्ही खोल्यांची सफाई केली. पाण्याची टाकी धुवून घेतली. नळाची चकती गेली होती, ती बदलली. शेजारच्या मैनाबाईने आम्हाला न विचारताच रोज संध्याकाळी मामाच्या दारात एक पणती लावली, पाचही दिवस. तिच्या नवऱ्याचा पाय मामाने चौदा महिने सांभाळला होता, तुला आठवत असेल. मी सफाई करत होते तेव्हा खुर्सीपारहून एक माणूस आला. शुगरचा पेशंट, अंगठ्याला जखम, वर जुन्या बनियनची पट्टी. 'ड्रेसर बाबू हैं क्या?' मी म्हटलं, ते जुलैमध्ये गेले. तो पायरीवर बसला. चप्पल काढून पाय उन्हात धरला. मग मी आत जाऊन मामाचा पट्ट्यांचा डबा काढला, सलाइन घेतलं आणि त्याची पट्टी बदलून दिली. आता तू विचारशील, ताई, तुला हे कधीपासून येतं? या पत्रात तेच सांगायचं आहे, आणि त्यासाठी मला मामापासून सुरुवात करावी लागेल. तुला यातलं बरंच माहीत आहे. तरी वाच, कारण मला ते क्रमाने लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

आपण लहान होतो तेव्हा मामा काय काम करतो हे सांगायची मला लाज वाटायची. बाकीच्या मुलींचे बाबा फोरमन, चार्जमन, अकाउंट्समध्ये. माझा मामा हॉस्पिटलात ड्रेसर. जळलेल्या माणसांच्या पट्ट्या बदलणारा. एकदा मी त्याचा डबा द्यायला वॉर्डात गेले होते. आठवीत असेन. स्टोव्हने जळलेली एक बाई होती, गुलाब नावाची, कुठल्याशा खेड्यातली. मामा तिच्या हातावरची पट्टी सलाइनने भिजवत होता. भिजवायचा, थांबायचा, परत भिजवायचा. मी दारात वीस मिनिटं उभी होते आणि त्या वीस मिनिटांत त्याने एक वीतभर पट्टी सोडवली. मधे मधे तिला विचारायचा, 'पिराथे का?' तेलुगू पेशंट असला की 'नोप्पा?' म्हणायचा. दुखतं का, हा एक प्रश्न आणि आता थोडंच राहिलं, हे एक वाक्य, एवढं त्याला सात भाषांत येत होतं. त्यापुढे त्याला त्यातली एकही भाषा येत नव्हती. घरी येताना मी विचारलं की इतका वेळ कशाला, एकदम काढून टाकली तर? तो म्हणाला, 'सुकी पट्टी ओढली तं नवं कातडं संगं येते. चार दिवसाची मेहनत चार सेकंदात जाते. अन् पेशंटचा आपल्यावरचा भरोसा जाते, तो मंग येत नाई.'

आपण त्याच्याकडे कसे आलो ते तुला धूसर आठवत असेल, तू सात वर्षांचा होतास. मी दहा. भिलाई-३च्या रेल्वे क्वार्टरमधून आई एक ट्रंक, एक वळकटी आणि आपल्या दोघांना घेऊन सेक्टर सहाला मामाकडे आली. त्या माणसाची नैनपूरला बदली झाली होती. आधी तो महिन्याला यायचा, मग दोन महिन्यांनी, मग आलाच नाही. मग कुणीतरी येऊन सांगितलं की तिथे त्याने दुसरा संसार मांडलाय. क्वार्टर सोडावं लागलं. मामाचं लग्न तेव्हा तुमसरच्या एका मुलीशी ठरलं होतं. आजोबांच्या आजारपणात आधीच लांबलेलं, चौतिसाव्या वर्षी ठरलेलं लग्न. आपण आलो, आणि चार महिन्यांनी ते मोडलं. कुणी मोडलं, मुलीकडच्यांनी की मामाने, हे आईने कधी सांगितलं नाही, आणि मामाला विचारायची सोय नव्हती. रविवारी तो आपल्या दोघांना ओसरीवर बसवून नखं कापायचा, मग डोकं बघायचा, मग कान. त्याचं सगळं प्रेम असं तपासणीच्या रूपात असायचं. तू सायकलवरून पडून ढोपर फोडलंस तेव्हा त्याने तुझ्याच हातात चिमटा देऊन तुझीच पट्टी तुला बदलायला लावली होती. तू रडलास, पण नंतर महिनाभर मित्रांना ती गोष्ट सांगत फिरलास.

२०१३ला तो रिटायर झाला आणि रिसालीचं घर घेतलं. तू तेव्हा वडोदऱ्याला स्थिरावला होतास, त्यामुळे त्यानंतरचं तू सुट्टीत आलास तेवढंच पाहिलंस. हॉस्पिटलातून घरी पाठवलेले, पण घरी ज्यांची पट्टी करणारं कुणी नाही असे पेशंट असतात. लकवा झालेले, कंबर मोडलेले, शुगरचे. पडून पडून पाठीला जखमा होतात. अशांची यादी मामाकडे आपोआप तयार झाली. सकाळी सहाला टीव्हीएस मोपेड काढायचा. मरोदा, खुर्सीपार, कॅम्प, भिलाई-३, आणि अकरापर्यंत परत. कुणाच्या घरी चहा घेत नसे, पाणी घ्यायचा. आई कुकरमध्ये त्याचे चिमटे आणि कात्र्या उकळून द्यायची. एक कुकर डाळीचा, एक चिमट्यांचा. नागपूरची मावशी आली होती आणि तिने चिमट्यांच्या कुकरमध्ये वरण लावलं, तेव्हा मामा न बोलता जेवला आणि जेवण झाल्यावर सांगितलं. मावशीने दोन दिवस काही खाल्लं नाही. हे मी तुला आधी सांगितलंय का? सांगितलं असेल. आई त्या गोष्टीवर फार हसायची.

आई गेली २०१८मध्ये, आणि मामा एकटा राहिला. फेरी चालूच होती. गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्याचे डोळे पिवळे झाले. रिपोर्ट तुला मी पाठवले होते, तूच तिकडच्या डॉक्टरांना दाखवलेस. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि उशीर झाला होता. त्याने ते शांतपणे ऐकलं आणि मला पहिला प्रश्न विचारला, तुझी शाळा दुपारची आहे ना? जानेवारीपासून त्याला टीव्हीएसची किक मारता येईना. मग मी सकाळी स्कूटी घेऊन रिसालीला जायची आणि त्याला मागे बसवून फिरवायची. हे तुला माहीत होतं आणि तू फोनवर माझ्यावर ओरडलाही होतास, की आजारी माणसाला थंडीत कशाला फिरवतेस. मी तुला सांगितलं की तो ऐकत नाही. ते खरं होतं. तो त्या दिवसांत एकेक पेशंट सोडत होता. प्रत्येक घरी कुणाला तरी बसवून शिकवायचा, सुनेला, मुलाला, एका घरी तर शेजारणीला. आठ दिवस त्यांच्याकडून करून घ्यायचा, आणि नवव्या दिवशी सांगायचा, आता मी येनार नाई. कॅम्प सुटलं, मरोदा सुटलं, खुर्सीपार सुटलं. फेब्रुवारीच्या शेवटी एकच घर राहिलं, भिलाई-३चं. ते तो सोडेना.

तिथे मला तो आत नेत नसे. रेल्वे फाटकापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवायचा आणि स्वतः गल्लीत पायी जायचा. पाऊण तासाने यायचा. मी विचारलं, याच पेशंटला इतका वेळ का? तर म्हणाला, मोठी जखम आहे. मला काही वाटलं नाही. भिलाई-३ म्हणजे आपलं जुनं गाव. मी चहा पीत शंटिंगचे आवाज ऐकायची आणि आपलं क्वार्टर कुठल्या बाजूला होतं ते आठवायचा प्रयत्न करायची. मार्चच्या एका सकाळी तो गल्लीत गेला आणि दहा मिनिटांत परत आला. त्या घराला तीन पायऱ्या आहेत, त्या त्याला चढता आल्या नव्हत्या. टपरीच्या बाकावर बसून त्याने दम घेतला, पाणी प्यायला, आणि मग म्हणाला, 'भाग्या, आज तुले आत यावं लागते. ट्रे धराले मानूस पायजे. पन आत जो पडून हाये तो तुह्या वळखीचा हाये. पायरीवर पाय ठेवाच्या आधी सांगून राहिलो. यायचं तं ये, नाई तं मी उद्यापासून दुसरं कोनी पाहीन.' मी विचारलं, कोण? त्याने नाव सांगितलं. राजकुमार. आपल्या बाबांचं नाव मामाच्या तोंडून मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

धरम, इथे तू पत्र बाजूला ठेवशील. ठेव. पण नंतर उचल.

मी आत गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या हाताला वजन नव्हतं, एवढंच लक्षात आहे. एक खोली, कूलर, पलंग, पलंगाखाली भांडं. एक वयस्क बाई कोपऱ्यात पाणी गरम करत होती. पलंगावरचा माणूस भिंतीकडे तोंड करून कुशीवर होता. मामाने मला पुढे जाऊ दिलं नाही. 'तोंड नंतर पाह्य. आधी जखम पाह्य,' म्हणाला. 'आमी असंच करतो. तोंड पाह्यलं का हात चुकते.' म्हणून मी बाबांची पाठ आधी पाहिली. माकडहाडावर, माझ्या तळहाताएवढी. मामा स्टुलावर बसून सांगत होता आणि मी करत होते. भिजव. थांब. परत भिजव. स्वच्छ भागाकडून खराब भागाकडे जा, उलटं नाही. घासू नको. पट्टी कोंबून भरू नको, सैल भर, जखम तळातून वर यायला हवी. शाळेत प्रयोग करते तसं मी सगळं ऐकत केलं. पाठीखालचा कपडा बदलायला तो बाजूला ओढला, तर ती आईची साडी होती. निळी, बारीक चौकड्यांची, जी ती शनिवारी देवळात जाताना नेसायची. चार घड्या घालून, कडेने धावदोरा घातलेली. शिलाईही आईचीच होती. मग मी तोंड पाहिलं. लकव्याने अर्धं लुळं पडलंय. वाचा गेलीय, 'झालं' एवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी झालं, दुखलं तरी झालं, कुणी आलं तरी झालं. मला बघून म्हणाले, झालं. ओळखलं की नाही, माहीत नाही. ती बाई म्हणजे चंदा, नैनपूरच्या संसारातली. तिने मला ओळखलं, कारण तिने भांडं खाली ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला.

पुढचे दोन दिवस मी मामाकडे गेले नाही. फोनही घेतला नाही. मला राग बाबांचा आला नव्हता, त्यांच्याबद्दल राग ठेवायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. राग मामाचा आला. सात वर्षं, २०१६पासून, रोज सकाळी हा माणूस तिथे जात होता, आणि आई होती तोवर अकरा वाजता परत येऊन तिच्या हातचं जेवत होता. तिसऱ्या दिवशी मी गेले आणि दारातच विचारलं, कावून? चिडले की माझ्या तोंडातून अजून आपली घरची बोलीच निघते. मामा म्हणाला, 'कावून म्हंजे? जखम होती.' मी म्हटलं, हे उत्तर पेशंटच्या नातेवाइकांना दे, मला नको. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुलाही सांगितलं असतं असं मला वाटतं.

चंदा त्याला शोधत आली होती. बाबा रिटायर होऊन तिला घेऊन भिलाई-३ला परत आले होते, तिथेच लकवा झाला. तिला कुणीतरी सांगितलं, रिसालीत ड्रेसर बाबू आहे. तिला हा कोण ते माहीत नव्हतं, आणि पेशंट कोण ते याला माहीत नव्हतं. 'पीठ में घाव है बाबू, बास आने लगी है,' एवढंच तिने सांगितलं. मामा गेला, सवयीने आधी जखम पाहिली, साफ केली, पट्टी बांधली, आणि पेशंटला सरळ करताना तोंड पाहिलं. त्या दिवशी तो तसाच बाहेर पडला. जायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीएस काढली आणि तिथेच गेला. 'पन पुन्य करून राहिलो असं समजू नको,' तो मला म्हणाला. 'चाळीस वर्षांत मी कोनाची सुकी पट्टी नाई ओढली. त्याची ओढली. एक डाव. मुद्दाम. थो वरडला. वाचा नाई त्याले, तरी वरडला. मंग मी भाईर पायरीवर येऊन बसलो. घरी आलो तं वच्छलानं, तुह्या मायनं, ताट वाढलं, मी थे तसंच बाजूले सारलं. दुसऱ्या दिवशी गेलो, अर्धा घंटा लावून पट्टी भिजवली. त्या दिवसापासून तो माहा पेशंट झाला. त्याच्या आधी तो राजकुमार होता.'

मी आईच्या साडीचं विचारलं. तिला माहीत होतं का? मामा म्हणाला, तिने कधी विचारलं नाही. बाकीच्या पेशंटसाठी जुनं लुगडं, जुनी साडी मागून घ्यावी लागायची. पण ज्या महिन्यात तो भिलाई-३ला जायला लागला, त्या महिन्यात तिने आपण होऊन पेटीतून चार सुती साड्या काढल्या, शिवल्या आणि त्याच्या पिशवीत ठेवल्या. त्याहून जास्त त्यालाही माहीत नव्हतं. मलाही नाही.

मार्चपासून जुलैपर्यंत मी रोज गेले. मामा मे महिन्यापर्यंत यायचा, स्टुलावर बसून बघायचा. मी चुकले की डोळ्यांनी सांगायचा. मग त्याला उठवेना, मग तू आलास, ते सगळं तुझ्यासमोरच झालं. त्याने माझ्याकडून कसलंही वचन घेतलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. शेवटच्या आठवड्यात तो जे बोलला ते सलाइनच्या बाटल्या कुठे स्वस्त मिळतात आणि टाचांखाली उशी कशी द्यायची, एवढंच. तू त्याला अग्नी दिलास तेव्हा रामनगरच्या घाटावर कडुलिंबाखाली एक म्हातारी चपला हातात घेऊन उभी होती. तू मला विचारलंस, ती कोण? मी म्हटलं, मामाच्या पेशंटकडची आहे. खोटं नव्हतं, पण तुला फसवायलाच म्हटलं होतं. चार महिने ते माझ्या मनात आहे. तू मामाच्या चितेसमोर उभा होतास, आणि तुला मामाबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट माहीत नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला निघते, नऊला घरी येते. धनंजयला माहीत आहे. त्याच्या आईला वाटतं मी योगाला जाते. जखम आता पाच रुपयांच्या नाण्याएवढी झाली आहे. मामाने तळहाताएवढी सोडली होती, त्यातली बरीचशी माझ्या हातांनी भरली, हे लिहिताना मला बरं वाटतंय, लपवत नाही. बाबांना मी माफ केलंय का, असं तू विचारशील. मला कळत नाही. मी त्यांच्याशी फार बोलत नाही. कुशीवर वळवताना एक, दोन, तीन म्हणते, ते झालं म्हणतात. वर दोनचार ठिकाणी मी बाबा लिहिलंय, वाचताना लक्षात आलं. खोडत नाही. तुझं वेगळं आहे हे मला कळतं. आठवीच्या फॉर्मवर तू वडिलांच्या नावापुढे स्वर्गीय लिहिलं होतंस. मामाने फॉर्म वाचला, चष्मा पुसला आणि पालकाच्या जागी सही केली. दुरुस्त कर, असं म्हणाला नाही. तुझ्यासाठी ते तेव्हा गेले आणि तुझे वडील मामा झाले, यात मी काही बदलू पाहत नाही.

आता का लिहितेय ते. चंदाचे डोळे जवळजवळ गेलेत. तिच्या आधीच्या लग्नाचा मुलगा रायपूरला असतो, तो तिला महिनाअखेर घेऊन जातोय. एकटीलाच. त्याने ते स्पष्ट सांगितलं आणि मला त्याचं चुकलं असं वाटत नाही. ती खोली भाड्याची आहे, तीही सुटेल. वैशाली नगरच्या आमच्या घरात जागा नाही आणि सासूबाईंना मी हे सांगू शकत नाही. मैनाबाई दिवसा बसायला तयार आहे, धनंजयने पलंग बघून ठेवलाय. राहिलं ते घर. मामाने रिसालीचं घर आपल्या दोघांच्या नावावर केलंय, आणि तू तुझ्या जुन्या मित्राला, पीयूषला, त्यासाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलं आहेस, हे त्याने मला कळवलं. चावी माझ्याकडे आहे, तू वडोदऱ्यात आहेस. मी त्यांना तिथे नेऊन ठेवलं असतं तर तुला वर्षभर कळलंही नसतं. मामाने तसंच केलं असतं. त्याने सात वर्षं आपल्यापासून हे झाकून ठेवलं, आपलं भलं बघूनच ठेवलं असेल, पण मला ते अजून सलतं आणि तेच मी तुझ्यावर करणार नाही. तुझ्या निम्म्या घरात, तुझ्या मामाच्या खोलीत, मी आपल्या बाबांना झोपवू का? नाही म्हणालास तर मी दुसरीकडे खोली बघेन, तुझ्यावर रुसणार नाही, आणि का नाही म्हणालास ते कधी विचारणारही नाही. हो म्हणालास तरी तू यायलाच हवंस असं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी सांगितली आहे. त्याआधी कळव.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, आणि ते काहीही आलं तरी तुझीच,
ताई